वरच्या मजल्यासाठी जुना राउटर

प्रश्न : राउटर तळमजल्यावर आहे. वरच्या खोलीतल्या डेस्कटॉप आणि प्रिंटरला वायफाय नाही, फक्त केबलची जागा आहे. स्लॅबला भोक पाडायचे नाही. घरात पडून असलेला जुना राउटर उपयोगी पडेल का?

उत्तर : बहुधा पडेल. त्याच्या सेटिंगमध्ये ‘वायरलेस ब्रिज’ किंवा ‘क्लायंट’ मोड आहे का, ते आधी बघा. या मोडमध्ये तो मुख्य राउटरचे वायफाय पकडतो आणि मागच्या लॅन पोर्टमधून केबलने पुढे देतो. रिपीटर तोच सिग्नल पुन्हा हवेत सोडतो, आणि त्यासाठी एकच रेडिओ असेल तर वेग जवळपास निम्मा होतो. तुम्हाला त्याची गरजच नाही.

गोंधळ होतो तो पत्त्यांचा. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर असेल, तर जुन्याला त्याच मालिकेतला, दुसऱ्या कोणाकडे नसलेला पत्ता द्या आणि त्याचे डीएचसीपी बंद करा. पत्ते वाटणारा घरात एकच हवा. नाहीतर नेट कधी चालते, कधी बंद पडते आणि कारण सापडता सापडत नाही.

जुना राउटर डेस्कटॉपशेजारी नको, जिन्याच्या तोंडाशी ठेवा. तिथून पुढे केबल ओढा. पाच गिगाहर्ट्झ वेगवान, पण स्लॅबपुढे लवकर थकतो. सिग्नल तुटत असेल तर २.४ वापरा.

जुन्या राउटरला डब्ल्यूपीए२ जमत नसेल, तर त्याच्यासाठी मुख्य वायफायची सुरक्षा मुळीच कमी करू नका. त्यापेक्षा ब्रिज मोड असलेला साधा नवा राउटर घ्या.