अभ्यासपाठ : ‘चॅरिटी’ आणि ‘लव्ह’

वाचन : १ करिंथ, अध्याय १३



‘चॅरिटी’ आणि ‘लव्ह’ हे दोन इंग्रजी शब्द आपल्या रोजच्या कानावरचे झाले आहेत. ‘चॅरिटी’ म्हटले की दानपेटी, पावतीपुस्तक आणि ट्रस्ट आठवतो. ‘लव्ह’ म्हटले की सिनेमा. या दोघांचे काही नाते असेल असे वाटत नाही. पण इंग्रजी पवित्र शास्त्रात, आजच्या वाचनात, हे दोन्ही शब्द एकाच जागी आलेले आहेत.

पौलाने येथे ‘अगापे’ हा ग्रीक शब्द वापरला. लॅटिन भाषांतरात त्याचे ‘कारितास’ झाले. ‘कारुस’ म्हणजे प्रिय, मोलाचा. त्यावरून हा शब्द बनला आणि त्याचेच पुढे इंग्रजीत ‘चॅरिटी’ झाले. म्हणजे समोरचा माणूस आपल्याला मोलाचा वाटणे, हे त्या शब्दाचे मूळ आहे.

१५२६ मध्ये विल्यम टिंडेल यांनी ग्रीकवरून केलेला इंग्रजी नवा करार छापून निघाला. त्यात त्यांनी ‘लव्ह’ लिहिले आणि त्याबद्दल थॉमस मोर यांनी त्यांच्यावर कडक टीका केली. १६११ च्या किंग जेम्स भाषांतरात या अध्यायात ‘चॅरिटी’ आहे. १८८१ च्या सुधारित भाषांतरात पुन्हा ‘लव्ह’ आला. आपल्या मराठी शास्त्रात ‘प्रीती’ आहे.

हा फरक किती मोठा आहे ते तिसऱ्या वचनात कळते. आपले सर्वस्व गोरगरिबांना वाटूनही माणूस प्रीतीवाचून राहू शकतो, असे पौल तेथे सांगतो. या जागी ‘चॅरिटी’ आजच्या अर्थाने वाचला, तर ‘सर्व दान दिले, पण दान दिले नाही’ असा घोटाळा होतो. काळाच्या ओघात ‘चॅरिटी’चा अर्थ आकसत दानधर्मापुरता उरला. आपल्याकडे ट्रस्टची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली होते आणि तेथील ‘चॅरिटी कमिशनर’ला मराठीत आपण धर्मादाय आयुक्त म्हणतो.

‘लव्ह’चे उलट झाले, तो फार पसरला. इंग्रजीत माणूस देवावरही ‘लव्ह’ करतो आणि आंब्यावरही. मराठीत आंबा आवडतो, लेकरावर माया असते आणि देवावर प्रीती.

वापरातही एक फरक आहे. ‘लव्ह’ हे नामही आहे आणि क्रियापदही. कोणावर, हे सांगितल्याशिवाय ते क्रियापद पुरे होत नाही. ‘चॅरिटी’ हे केवळ नाम आहे. ती देता येते, मोजता येते, पावती फाडून संपवताही येते. घेणाऱ्याचे नाव कळले नाही तरी चालते.

आता आपल्या जिल्ह्याच्या अकोले तालुक्याकडे पाहू. कळसूबाईच्या परिसरातील डोंगराळ गावांत महादेव कोळी आणि ठाकर बांधव राहतात. समजा, आपण तेथे घोंगड्या वाटल्या, फोटो काढला आणि परतलो. ती ‘चॅरिटी’ झाली. थंडीत घोंगडी उपयोगी पडेल, तिला कमी लेखू नये. पण वाटण्याआधी घरात बसलो, उन्हाळ्यात पाणी किती लांबून आणता, मुलगी शाळेत जाते का, हे विचारले, आणि पुढच्या खेपेला ते उत्तर आठवणीत ठेवून गेलो, तर तीच घोंगडी प्रीतीची होते.

हे आपणच त्यांना शिकवायचे आहे असेही नाही. आपल्या खेड्यापाड्यांत इर्जिक ही जुनी रीत आहे : सगळ्यांनी मिळून एकाच्या शेतात राबायचे आणि त्याने सर्वांना जेवू घालायचे. आज ज्याला मदत झाली तो उद्या दुसऱ्याच्या बांधावर उभा असतो. तेथे कोणी दाता नाही, कोणी लाभार्थी नाही. आपल्या सेवाकार्यात देणारे आणि घेणारे नेहमी तेच राहत असतील, तर आपण थांबून विचार करावा.

कौटुंबिक उपासनेत चर्चेसाठी प्रश्न :

१. आपण ज्यांना मदत करतो, त्यांपैकी किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत?

२. त्यांच्याकडून आपण गेल्या वर्षभरात काय घेतले किंवा शिकलो?

३. चौथ्या ते सातव्या वचनांत प्रीतीची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांपैकी किती पैशाने पुरी होतात?