साठ की आठ?

गोष्ट माझ्या फर्स्ट इयरची. "आप्पा, फी साठ हजार भरायचीय," असं मी फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी आप्पा इचलकरंजीहून एस.टी.नं आले ते आठ हजार घेऊन! फीच्या खिडकीपुढंच मी चिडलो. "जरा नीट ऐकत जा की हो!" आप्पा नुसते हसले. तेवीस वर्षं पॉवरलूमच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला आपण काय बोललो, हे मला यंदा कळलं.

यंदा मी ढोलपथकात ताशावर होतो. विसर्जनाच्या रात्री खोलीवर आलो तर कानात नुसतं 'कुईंss'. रूममेटचं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं. सिनियर म्हणाले, "होतंय रे, सकाळी जातं." सकाळी गेलंही. तरी पुढच्या महिन्यात डॉक्टरांकडं जाऊन ऑडिओग्राम काढला. आलेख सगळीकडं ठीक, ४००० हर्ट्झला मात्र खड्डा! डॉक्टर म्हणाले, "गोंगाटानं होणाऱ्या बहिरेपणाची सुरुवात बहुधा इथूनच होते. तुझ्या वडिलांचीही अशीच झाली असणार."

इथंच का? आपल्यासाठी गणित सोपं आहे. कानाची नळी म्हणजे एका टोकाला बंद असलेला, साधारण २.५ सें.मी. लांबीचा पाइप. वेग भागिले चार पट लांबी करा, अनुनाद येतो ३४०० हर्ट्झच्या आसपास. म्हणजे त्या पट्ट्यातला आवाज कान स्वतःच वाढवतो, आणि मार त्याच्या थोडा वर बसतो. स, श, फ यांसारख्या व्यंजनांचा बराचसा भाग याच वरच्या पट्ट्यात असतो. स्वर खाली असतात, ते ऐकू येतात. म्हणून 'साठ'चा 'आठ' होतो. माणूस म्हणतो, "आवाज येतोय, पण शब्द कळत नाही."

मार बसतो तो आतल्या कानातल्या केसपेशींवर. एका कानात त्या सुमारे १५,००० असतात. एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. स्पेअर पार्ट नाही! मशीन आवाज मोठा करतं, पण गेलेल्या पेशी परत आणत नाही.

आता डेसिबल. ही मोजपट्टी लॉगची, म्हणून फसवी. ३ डेसिबल वाढले की ऊर्जा दुप्पट. अमेरिकेतल्या 'नायॉश' संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास, ८८ ला ४, ९१ ला २, आणि १०० ला फक्त १५ मिनिटं! आता आपली मिरवणूक किती तास चालते, ते तुम्हीच मोजा.

मग करायचं काय?

- वादनात, गॅदरिंगच्या डीजेपुढं, वर्कशॉपमध्ये फोमचे इअरप्लग घाला. बोटांनी बारीक वळायचे, कान वर-मागे ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरायचे. नुसता कापूस कामाचा नाही. ताल चुकत नाही, मी करून पाहिलंय.
- स्पीकरपासून लांब उभे राहा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी होतात.
- हेडफोनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. एस.टी.च्या आवाजावर मात करायला व्हॉल्यूम वाढवू नका.
- कान लावून झोपायची सवय सोडा. रात्री त्यांनाही सुट्टी द्या.
- एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं तर 'बघू उद्या' नको. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उपचाराला उशीर झाला तर ऐकणं परत येण्याची शक्यता कमी होते.
- तेल, काडी, पिन कानात घालू नका.

आप्पांना दिवाळीत मशीन बसवलं. तरी फोनवर आकडा सांगताना मी आता "सहावर शून्य" म्हणतो आणि त्यांच्याकडून परत वदवून घेतो. पुढच्या वर्षी पथकाच्या सामानात टिपरूंबरोबर इअरप्लगचा डबाही असेल, एवढं मी बघणार आहे.

तेव्हा मंडळी, वाजवा जोरात, पण कान सांभाळून!

— एक ताशावाला, तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी