ताईंची परीक्षा मराठीतून होईल का?

प्रश्न : माझी मोठी बहीण गेली बावीस वर्षे मुलाकडे अमेरिकेत, न्यू जर्सीला असते. वय ६८. ग्रीन कार्ड आहे. आता भाचा म्हणतो, नागरिकत्वाचा अर्ज भरून टाकू. त्यासाठी परीक्षा असते म्हणे. ताईचं शिक्षण दारव्ह्याला सातवीपर्यंत झालं, इंग्रजी कामापुरतं. परीक्षा मराठीतून देता येते का? तयारी कशी करावी? आमच्या सामाईक वावराच्या सातबाऱ्यावर वडिलांच्या मागे तिचंही नाव लागलं आहे, ते राहील की जाईल? आणि आपल्या देशात बाहेरच्या माणसाला अशी परीक्षा द्यावी लागते का?
— एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : मराठीतून देता येते, आणि ताईंच्या वयाला ती बरीच सोपीही केलेली आहे. अर्जदाराचे वय ६५ किंवा अधिक असेल आणि ग्रीन कार्ड मिळाल्यानंतर त्याने अमेरिकेत एकूण २० वर्षे वास्तव्य केलेले असेल, तर इंग्रजी वाचण्या-लिहिण्याची चाचणी माफ होते. फक्त नागरिकशास्त्राचे प्रश्न उरतात, तेही तोंडी आणि आपल्या भाषेत. इतरांसाठी २० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना नवी परीक्षा लागू झाली आहे. तीत १२८ प्रश्नांच्या यादीतून २० विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. ताईंना मात्र वेगळे खूण केलेले २० प्रश्नच तयार करायचे आहेत. त्यांतले १० विचारतील, ६ बरोबर आले की झाले. यादी उत्तरांसकट सरकारनेच जाहीर केलेली असते. पहिल्या वेळी जमले नाही तर ६० ते ९० दिवसांत पुन्हा एकदा बोलावतात.

आता काळजीची गोष्ट. ‘एकूण २० वर्षे’ म्हणजे तिथे राहिलेली वर्षे. कार्ड हातात येऊन बावीस वर्षे झाली, एवढ्याने भागत नाही. आपल्याकडचे पुष्कळ आईवडील दिवाळीला गावी येतात, नातवंडांची लग्ने, कुणाचे आजारपण, पेरणी असे करत आठ-आठ महिने राहतात. म्हणून अर्ज भरण्याआधी जुने-नवे सगळे पासपोर्ट काढा आणि प्रत्येक येण्याजाण्याची तारीख कागदावर मांडा. अर्जाआधीच्या ५ वर्षांत किमान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत असणेही आवश्यक आहे. एखादी फेरी सहा महिन्यांहून लांबली असेल तर सलग वास्तव्य तुटले असे धरले जाऊ शकते, मग घर, कर, कुटुंब तिथेच होते याचे पुरावे द्यावे लागतात. वर्षभराची किंवा त्याहून मोठी गैरहजेरी असेल तर आधी वकिलाला विचारा.

तयारीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ताईंना नुसती उत्तरे घोकायला लावू नका. सातवीपर्यंत शिकलेली, सत्तरीकडे झुकलेली बाई अर्थ कळल्यावर जे लक्षात ठेवते ते पाठांतराने राहत नाही. यादी मोठी असो की छोटी, त्यातला बराच भाग त्यांच्या ओळखीचा आहे. तिथली सिनेट आणि आपली राज्यसभा, दोन्हीकडे सदस्याची मुदत ६ वर्षांची. फरक एवढाच की आपल्याकडे मोठ्या राज्याला जास्त जागा, तर तिथे सगळ्या ५० राज्यांना प्रत्येकी दोन. त्यांचा स्वातंत्र्यदिन ४ जुलै, आपला १५ ऑगस्ट, आणि दोघांनी सोडवून घेतले ते ब्रिटिशांच्याच राज्यातून. लिंकनने गुलामगिरी संपवण्यासाठी काय केले, मार्टिन ल्यूथर किंग कशासाठी लढले, हे तर यवतमाळ जिल्ह्यात आंबेडकर जयंतीच्या मिरवणुका पाहत वाढलेल्या माणसाला चार वाक्यांत समजते. भाच्याने रोज एक प्रश्न मराठीत सांगून त्याची गोष्ट करावी, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ठेवावे. ताई भाजी निवडताना ऐकतील. राज्याचे सिनेटर, राष्ट्राध्यक्ष ही नावे बदलतात, ती मुलाखतीच्या आठवड्यात ताजी करून घ्यायची.

दुभाषी आपण न्यायचा असतो. तो दोन्ही भाषांत पक्का हवा आणि त्याने उत्तर सुचवता कामा नये. प्रश्नोत्तरांहूनही वडीलधारी माणसे गडबडतात ती अर्जावरच्या चौकशीत : कधी अटक झाली का, कर बुडवला का, अमुक संघटनेत होता का. अधिकारी हे एकामागून एक विचारतो आणि घाबरून माणूस सगळ्याला ‘हो’ म्हणून मोकळा होतो. त्याची तालीम घरी नक्की करा. विस्मरणासारखा आजार असेल तर डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर परीक्षेतूनच सूट मागता येते.

असे प्रश्न आधी जाहीर करणारी परीक्षा मला न्याय्य वाटते, कारण परीक्षेला बसायचीच मुभा नसलेला काळही आपल्या लोकांनी पाहिला आहे. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. थिंड अमेरिकेच्या सैन्यात राहिलेले होते, तरीही. १९४६च्या कायद्याने ते दार उघडले. त्याच सुमाराचा दुसरा धागा आपल्या जिल्ह्याशी जुळतो. वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशस्थ भारतीयांचे खाते सांभाळत होते. गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी, फेब्रुवारी १९४३ मध्ये, त्यांनी राजीनामा दिला आणि त्याच वर्षी ते सिलोनमध्ये भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून गेले, १९४७ पर्यंत राहिले. तिथल्या चहामळ्यांतल्या भारतीय वंशाच्या मजुरांचे पुढे काय होणार हा तेव्हाचा ज्वलंत प्रश्न होता. १९४८च्या सिलोन नागरिकत्व कायद्याने वडील, किंवा आजोबा आणि पणजोबा, तिथेच जन्मल्याचा पुरावा मागितला. मळ्यातल्या मजुराकडे आजोबाच्या जन्माचा कागद कुठून येणार? लाखो माणसे कुठल्याच देशाची उरली नाहीत. त्यांना कुणी दहा सोपे प्रश्न विचारले असते, तर त्यांनी आनंदाने उत्तरे दिली असती.

आपल्या देशात अशी लेखी किंवा तोंडी प्रश्नपत्रिका नाही. १९५५च्या नागरिकत्व कायद्यानुसार देशीयकरणाने नागरिक होणाऱ्याला, सर्वसाधारणपणे, अर्जाआधीचे सलग १२ महिने आणि त्यापूर्वीच्या १४ वर्षांत मिळून ११ वर्षे इथे राहावे लागते. चारित्र्य चांगले हवे आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या एका भाषेचे पुरेसे ज्ञान हवे. त्या अनुसूचीत मराठी आहे. म्हणजे दारव्ह्यात राहून मराठी शिकलेला परदेशी माणूस भाषेच्या अटीत बसतो.

वावराचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. ताईंनी तिथली शपथ घेतली की त्याच क्षणी भारतीय नागरिकत्व आपोआप संपते आणि भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. एकट्या २०२२ मध्ये सव्वादोन लाखांहून अधिक भारतीयांनी हे पाऊल उचलले. त्यानंतर ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड काढता येते. त्यावर इथे हवे तितके येता-राहता येते, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने मिळालेली जमीन मात्र ताईंचीच राहते. सातबाऱ्यावरचे नाव जात नाही, हिस्सा कमी होत नाही. पुढे विकायची किंवा बक्षीस द्यायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच देता येईल, आणि महाराष्ट्रात घेणारा सर्वसाधारणपणे शेतकरी असावा लागतो.

हे इतके सविस्तर लिहिले, कारण ‘परदेशी नागरिक झालीस की जमीन सरकारजमा होईल’ असे सांगून बहिणीकडून हक्कसोड पत्र लिहून घेतले जाते. तुम्ही नाव राहील का म्हणून विचारले, याचा मला फार आनंद झाला. ताईंना प्रत्येक कामासाठी इकडे यायला जमणार नसेल तर त्यांनी न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासात मुखत्यारपत्र करून पाठवावे. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्या.