पेंडिंगमध्ये कोण अडकलंय?

चि. मृणाल,


तुझी मेल वाचली. हेल्पडेस्कचं सॉफ्टवेअर आपल्या मनासारखं बदलता येत नाही, म्हणून ओपन सोर्स घेऊन कोडच बदलावा असा तुमच्या टीमचा विचार दिसतो. जरा थांबा.

भाड्यानं मिळणारं हे सॉफ्टवेअर हजारो कंपन्यांसाठी एकाच कोडवर चालतं. तिकिटाच्या, म्हणजे तक्रारीच्या नोंदीच्या, मूळ सांगाड्याला ते पुरवणारे म्हणूनच फारसा हात लावू देत नाहीत. २००७ साली कोपनहेगनला सुरू झालेल्या झेनडेस्कमध्येही स्वतःची स्टेटस करण्याची सोय कितीतरी उशिरा आली. तिथं क्लोज्ड झालेलं तिकीट पुन्हा उघडत नाही, ग्राहकानं लिहिलं की नवं फॉलो-अप तिकीट बनतं. उलट कोड बदलून घेतलात, तर दर अपग्रेडला ते बदल पुन्हा बसवत बसावं लागतं. ओटीआरएस या ओपन सोर्स हेल्पडेस्कच्या फुकट आवृत्तीवरचं काम तर मूळ कंपनीनंच थांबवलं. बदल करणारा मुलगा नोकरी सोडून गेला की काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

तू पाठवलेली हव्या असलेल्या बदलांची यादी पाहिली. बहुतेक मागण्या साहेबांच्या रिपोर्टसाठी आहेत, ग्राहकाला त्यांचा पत्ताही लागणार नाही. त्या सोडून दे. (रिपोर्टचा रंग बदलून हवा ही मागणी कोणाची, तेवढं मात्र कळव!)

एक गोष्ट मात्र खरंच दुखणारी आहे. तुमच्याकडे 'पेंडिंग'मध्ये दोन जातीची तिकिटं एकत्र पडतात: ग्राहकाच्या उत्तरासाठी थांबलेली आणि पाण्याच्या फिल्टरच्या सुट्या भागासाठी थांबलेली. पेंडिंग केलं की एसएलएचं, म्हणजे ठरलेल्या मुदतीचं, घड्याळ थांबतं. म्हणजे भाग आपल्याकडे नाही, पाणी ग्राहकाच्या घरी गढूळ येतंय आणि रिपोर्ट हिरवागार. नवं स्टेटस मिळत नसेल तर अडून बसू नकोस. सुट्या भागाची तिकिटं 'ओपन'च ठेव, घड्याळ चालू दे. 'कशासाठी थांबलं' असं एक ड्रॉपडाऊन फील्ड कर, त्यावर वेगळा व्ह्यू लाव आणि ग्राहकाला आपोआप निरोप जाईल असा नियम बसव. पर्याय चार-पाचच ठेव. वीस ठेवलेस तर घाईतली माणसं सगळं 'इतर'मध्ये टाकतात, आणि ती टाकणारच, समोर फोन वाजत असतो.

मराठीत तक्रार करणाऱ्याला पोच इंग्रजीत जाते, हे लिहिलंस ते बरं केलंस. इथं मात्र हट्ट धर. पोचेचा मजकूर, विषयाची ओळ, खालचं फूटर, शेवटची समाधानाची विचारणा, सगळं स्वतःच्या मेलवर मागवून बघ. फूटर हमखास राहून जातं.

आणि करार पुढं वाढवण्याआधी एका महिन्याची तिकिटं संभाषण आणि अटॅचमेंटसकट बाहेर काढून पाहा. विक्रीवाल्याच्या तोंडी 'हो'वर जाऊ नकोस. ती नीट निघाली नाहीत, तर सॉफ्टवेअर बदलायला माझी ना नाही.

तुझा,
सुहासमामा