देश, काल, पात्र



आज गीता, अध्याय 17, श्लोक 20. सात्त्विक दान म्हणजे परतफेडीची अपेक्षा न ठेवता योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं. आमच्या कोडिंगच्या भाषेत, सगळ्या अटी एकदम खऱ्या हव्यात!

सप्टेंबर 2025 मध्ये सीनेचा महापूर आपल्या माढा तालुक्यात शिरला. पाणी घरात असताना शिजवलेलं अन्न लागतं. ओसरल्यावर गाळ काढायला हात लागतात, जनावरांना चारा, पोरांना वह्या. जुन्या कपड्यांचे ढीग कुणालाच नको असतात.

दिंडीला भाकरी वाढणाऱ्या घरांना हात पुढे करणं जड जातं. पण श्लोकातलं 'पात्र' तुम्हीच आहात, संकोच नको. गाळ उपसण्याआधी पंचनाम्यासाठी फोटो काढा. भिंती वाळून वायरमनने तपासेपर्यंत मेन स्विच बंदच ठेवा.