पाच वेळा दाबलेली कळ

शाळेतील संगणकावर मुले खेळता खेळता ‘शिफ्ट’ ही कळ लागोपाठ पाच वेळा दाबतात, तोच पडद्यावर प्रश्न उमटतो: ‘स्टिकी कीज’ सुरू करावयाच्या काय? आपण तो त्रासून मिटवितो. परंतु हा बिघाड नव्हे, ही सोय आहे, हे शिक्षक बंधुभगिनींनी ध्यानात घ्यावे.

मराठी इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘क’ एका कळेने उमटतो. ‘ख’साठी तीच कळ शिफ्टसह दाबावी लागते. ‘ग’ व ‘घ’, ‘त’ व ‘थ’ यांचेही तसेच. अ, आ, इ, ई हे स्वरही शिफ्टवाचून उमटत नाहीत. ज्या मुलाचे एकच बोट चालते, त्याने दोन कळा एकदम कशा दाबाव्यात? त्याला ‘आई’ हा शब्दही लिहिता येत नाही.

अशा मुलांसाठी ही सोय विंडोज प्रणालीत १९९५ सालापासून आहे. ती सुरू केल्यावर शिफ्ट दाबून सोडावी, मग अक्षराची कळ दाबावी. संगणक दोन्ही जोडून घेतो. शिफ्ट पुन्हा पाच वेळा दाबल्यास सोय बंद होते. मुलाचा हात थरथरत असल्यास उजवीकडील शिफ्ट आठ सेकंद दाबून धरावी व येणाऱ्या प्रश्नास होकार द्यावा. त्यायोगे सुरू होणारी ‘फिल्टर कीज’ ही सोय ओझरते व पुनःपुन्हा होणारे स्पर्श वगळते.

वर्गपाठ: प्रत्येक मुलाने एकाच बोटाने ‘आई’ लिहून पाहावे, प्रथम सोयीवाचून, नंतर सोयीसह. शेजारच्या सवंगड्याची अडचण सर्वांस आपोआप उमगेल.