परसातली फुले : तोड, जपणूक आणि विक्री



तोडलेला ऊस फडात पडून राहिला तर काय होते हे आपणांस सांगायला नको. वजन घटते, साखर उतरते, आणि गाडी नंबराला उभी असली की आपला जीव खालीवर होतो. फुलाचेही तसेच आहे. फक्त उसाला एखादा दिवस दम धरवतो, फुलाला दोन तासही धरवत नाही. हे ज्याला पटले त्याने परसात फुले लावावीत. ज्याला पटत नाही त्याने आपली मेथी-कोथिंबीर लावलेली बरी.

हा विषय घ्यायचे कारण पैशाचे आहे. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा राहतो. बिल निघाले की आधी सोसायटीची वसुली कापली जाते, मग उरलेले हातात. मधल्या काळात मुलांची फी, दवाखाना, लग्नाचा आहेर हे सगळे उसनवारीवर. दूध घालणाऱ्या घरात आठवड्याला चार पैसे येतात, बाकीच्यांचे काय? मनमाडच्या आसपास ज्यांचे घर रस्त्यालगत आहे आणि परसात गुंठाभर जागा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी हिशेब बघू. एकरी चाळीस टन उतारा धरला तर गुंठ्याला एक टन ऊस पडतो. म्हणजे परसातल्या गुंठ्याने वर्षाकाठी निदान एका टनाच्या बिलापेक्षा जास्त, आणि तेही खर्च वजा जाता, दिले पाहिजे. नाही दिले तर तो उद्योग हौसेचा समजावा. हौसेलाही आमची ना नाही, पण तिला धंदा म्हणू नये.

आता पाणी. मनमाडकरांनी उन्हाळ्यात नळाच्या पाण्यासाठी पंधरा-पंधरा दिवस वाट पाहिलेली आहे, वागदर्डीचा तळ दिसेपर्यंत. तेव्हा टँकरचे पाणी विकत घेऊन फुले करा असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. नहाणीचे पाणी चालते. कपड्याच्या सोड्याचे मात्र झाडांना घालू नये, जमीन खारावते. उसाला ठिबक केलेले असेल तर जुन्या नळीचा एखादा तुकडा परसात ओढून घ्यावा. वाफ्यावर पाचटाचा चार बोटे थर द्यावा. पाणी निम्म्यावर येते असे नाही, पण एक पाळी नक्की पुढे ढकलता येते. खताला प्रेसमड कुजवून घातलेले चांगले. ताजे, गरम प्रेसमड कंदाला लावू नये.

पिके दोनच सांगतो, निशिगंध आणि अॅस्टर. गुलाबाचे नाव काढले की दिंडोरी तालुक्यातील मोहाडी-जानोरीची पॉलीहाऊस डोळ्यांपुढे येतात, पण तो कर्जाचा आणि औषधांचा मोठा कारभार आहे, परसाचे काम नव्हे.

निशिगंध म्हणजे आपली गुलछडी. एप्रिल-मे महिन्यात कंद लावावेत. कंद पंचवीस-तीस ग्रॅमचा, टणक आणि डोळा शाबूत असलेला असावा. दोन ओळींत एक फूट आणि दोन कंदांत आठ बोटांचे अंतर पुरे. चालायला वाटा सोडून गुंठ्यात हजार-बाराशे कंद बसतात. साडेतीन-चार महिन्यांनी दांडे निघू लागतात आणि एकदा लावलेले पीक तीन वर्षे राहते. पाणी साचणारी जागा याला अजिबात चालत नाही, कंद सडतो. एकेरी पाकळीची जात घेतली तर वास जास्त आणि सुटी फुले हाराला जातात. दुहेरी जात दांडीसाठी, म्हणजे फुलदाणी आणि गुच्छासाठी. आमचे मत एकेरीकडे झुकते, कारण दांडी खपली नाही तर फुले खुडून हारवाल्याला देता येतात. दुहेरीला ही दुसरी वाट फारशी नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले रजनी’ ही जात दिलेली आहे, तिची चौकशी करावी.

अॅस्टरचे बी गादीवाफ्यावर टाकावे, रोपाला चार पाने आली की फूटभर अंतराने लावावे. बी टाकल्यापासून सुमारे साडेतीन महिन्यांनी फूल येते. सगळे बी एकदम टाकू नये. दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे टाकावे म्हणजे फूलही टप्प्याटप्प्याने येते. आणि ज्या वाफ्यात यंदा अॅस्टर झाला त्यात पुढच्या वर्षी तो पुन्हा नको. मर रोग मातीत राहतो आणि दुसऱ्या वर्षी अर्धी झाडे फुलावर येऊन माना टाकतात.

झेंडू का नाही, असे कोणी विचारील. झेंडूने आम्हीच एकदा हात पोळून घेतले आहेत. दसऱ्याच्या आदल्या सायंकाळी दोन पोती भरून बाजारात नेली, तर तिथे टेम्पोमागे टेम्पो लागलेले. एका व्यापाऱ्याने पोत्याला हात घालून बघितला आणि काही न बोलता पुढे गेला. रात्री नऊपर्यंत बसलो, भाव पडतच गेला. शेवटी पोती परत आणून शेळ्यांपुढे टाकली. त्यांनीही सगळी खाल्ली नाहीत! ज्या दिवशी सगळे गाव झेंडू तोडते त्या दिवशी परसवाल्याने तो विकू नये, हे तेव्हा कळले. ज्यांना तरीही करायचाच आहे त्यांनी पंचांग बघून लावावा. झेंडू लागणीपासून दोन-सव्वादोन महिन्यांनी तोडीला येतो. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला होता, २०२६ चा दसरा अधिक महिन्यामुळे २० ऑक्टोबरला. ‘मागच्या वर्षी ज्या तारखेला लावला त्याच तारखेला यंदा’ असे केले तर अठरा दिवसांची चूक पदरात पडते.

आता तोडणी आणि जपणूक, कारण फुलाचा भाव इथेच ठरतो. दांडी सकाळी ऊन चढण्याआधी किंवा सायंकाळी कापावी. निशिगंधाची खालची एक-दोन फुले उमलली की दांडी तयार झाली. वरच्या कळ्या घरी पाण्यात उमलतात. अॅस्टर मात्र पूर्ण उमललेलाच कापावा, कळीत कापला तर तो तसाच राहतो. हाताने मोडू नये, धारदार चाकूने तिरपे कापावे. बादली रानात सोबत न्यावी. ‘सगळी कापू, मग घरी जाऊन पाण्यात ठेवू’ ही सवय मोडली पाहिजे. कापल्याबरोबर दांडीत हवा शिरते आणि पाणी चढायचे थांबते. खालची पाने काढून टाकावीत, ती पाण्यात कुजतात.

या बादलीतच आपल्या कारखान्याच्या साखरेला काम आहे. मुळापासून तुटलेल्या फुलाला अन्न कोठून मिळणार? उरलेल्या कळ्या उमलायला साखरच लागते. एक लिटर पाण्याला वीस ग्रॅम, म्हणजे सपाट चार-पाच चहाचे चमचे साखर, आणि अर्ध्या लिंबाचा रस. लिंबू एवढ्यासाठी की आंबूस पाणी दांडीत चांगले चढते आणि त्यात जंतू कमी वाढतात. पण नुसती साखर घातली आणि बादली घाण असली तर फायद्याऐवजी तोटा होतो. गोड पाण्यात जंतू भराभर वाढतात आणि दांडीची भोके बुजवतात. म्हणून आदल्या रात्री टीसीएल पावडरच्या पाण्याने बादली घासावी, स्वच्छ विसळावी, मगच साखरपाणी भरावे. दोन-तीन तास सावलीत ठेवून जुड्या बांधाव्यात आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळाव्यात.

विक्रीचे सांगायचे तर दादरचे नाव सगळ्यांच्या तोंडी असते. पण तो बाजार पहाटे भरतो, आणि सकाळची पंचवटी धरून दादरला उतरेपर्यंत खरेदीचा भर ओसरलेला असतो. रात्रीच्या गाडीने बादली घेऊन जाणे एका गुंठ्याला परवडत नाही. वसईची मंडळी पहाटेची लोकल धरून फुले नेतात, त्यांचे अंतर वेगळे. आपले गिऱ्हाईक मनमाडातच शोधावे. हारवाले, मंडपवाले, देवळे, मंगल कार्यालये, गुप्तसर साहिब गुरुद्वाऱ्याबाहेरचे फूलविक्रेते, आणि शाळा-कॉलेजांचे कार्यक्रम. जानेवारीत किंवा एप्रिलमध्ये, जयंतीच्या दिवसांत, हारवाल्याला फुले कमीच पडतात.

मात्र एकाच दारावर सगळी मदार ठेवू नये. साठेक किलोमीटरवर शिर्डी आहे. राहाता-कोपरगाव भागातील कितीतरी शेतकऱ्यांचा गुलाब मंदिराच्या भरवशावर होता. २०२० साली कोरोनात मंदिरात हार-फुले नेणे बंद झाले, आणि मंदिर पुन्हा उघडले तरी फुलांची बंदी तशीच राहिली. २०२२ साली त्यावरून आंदोलन झाले. उच्च न्यायालयाची परवानगी मिळून २०२४ च्या अखेरीस फुले पुन्हा आत जाऊ लागली. तोपर्यंत चार वर्षे गेली होती. बागा तेवढा काळ कोण सांभाळणार? गुलाब उपटून लोकांनी दुसरे पीक केले. त्यांचे फूल वाईट नव्हते, गिऱ्हाईक एकच होते. आपला कारभार गुंठ्याचा असला तरी दोन हारवाले, एक मंडपवाला आणि चार घरे अशी विभागणी ठेवावी.

उधारीचे काय करायचे? आमचा अनुभव असा की हारवाला पहिल्या दिवशी रोख देतो, आठव्या दिवसापासून ‘वहिनी, उद्या’ म्हणतो. तेव्हा शनिवारी हिशेब, आणि शनिवार चुकला की सोमवारी जुडी नाही, हे घरच्या बाईने आधीच सांगून ठेवावे. वहीही तिनेच ठेवावी. किती जुड्या गेल्या, किती परत आल्या, किती पैसे आले, बास. पुरुषमाणसांनी त्या पैशातून पेट्रोल मागू नये, एवढी आमची विनंती आहे.

तिसऱ्या वर्षी निशिगंधाचे दांडे आखूड पडू लागले की पाणी तोडावे. पाने पिवळी झाल्यावर कंद खणून सावलीत सुकवावेत. एका कंदाचे बरेच झालेले असतात. मोठे पुन्हा लावावेत आणि बारीक वेगळ्या वाफ्यात वर्षभर पोसावेत. उरले तर शेजारी द्यावेत, कारण हारवाल्याला रोज पन्नास जुड्या लागत असतील आणि आपल्याकडे वीसच निघत असतील, तर तो आपल्या दारात येत नाही. गल्लीत तीन घरांनी मिळून केले तर येतो.